पाटी, वही आणि वाटा

दिवाळी सरत आली की वैनगंगेच्या दोन्ही काठांवरील गावांना मंडईचे वेध लागतात. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, वडसा, आरमोरी या पट्ट्यात धानाची कापणी सुरू झालेली असते, झाडीपट्टीच्या नाटकमंडळींचे फलक चौकाचौकांत लागतात आणि सासरी नांदणाऱ्या लेकींची माहेरी ये-जा वाढते. व्यापारी घरांत नव्या वह्यांचे पूजन आटोपलेले असते. त्यांच्या पहिल्या पानावरचे कुंकू अजून ताजे असते. अशा गजबजाटात भाऊबीजेची संध्याकाळ येते, आणि एखाद्या घरात मात्र पाट मांडावा की न मांडावा, या प्रश्नापाशी सारे थबकतात. गेल्या वर्षी त्या पाटावर बसलेला भाऊ या वर्षी नसतो.

ज्या बहिणीला भाऊ नाही, तिने चंद्राला ओवाळावे, अशी महाराष्ट्रात रूढी आहे. जिचा भाऊ होता आणि आता नाही, तीही पुष्कळदा अंगणात येऊन चंद्रापुढेच निरांजन धरते. घरातील इतर माणसे त्या वेळी काही बोलत नाहीत. त्या न बोलण्यात माया असते. पण असेच दहा-वीस वर्षे कोणी बोलले नाही, तर पुढच्या पिढीसाठी तो काका किंवा मामा केवळ भिंतीवरचे हार घातलेले छायाचित्र होऊन राहतो.

श्वेतांबर परंपरेत या तिथीची एक कथा सांगितली जाते. कार्तिक अमावास्येला पावापुरी येथे भगवान महावीरांचे निर्वाण झाले. त्यांचे ज्येष्ठ बंधू राजा नंदिवर्धन शोकाने व्याकुळ झाले आणि त्यांनी अन्न वर्ज्य केले. हेच ते बंधू, ज्यांच्या विनंतीवरून वर्धमानांनी आई-वडिलांच्या निधनानंतर दीक्षा दोन वर्षे लांबणीवर टाकली होती. कार्तिक शुक्ल द्वितीयेला बहीण सुदर्शना हिने नंदिवर्धनांना आपल्या घरी नेले, समजावले आणि जेवू घातले. तेव्हापासून भाईबीज सुरू झाली, असे ही परंपरा मानते. या कथेत सुदर्शनेनेही भाऊ गमावलेला आहे, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. एका भावाच्या वियोगात दुसऱ्या भावाला सांभाळणारी ही बहीण आहे. मागे राहिलेल्या भावंडांनी एकमेकांना जेवू घालावे, हा या सणाचा मूळ अर्थ त्यातून दिसतो.

तरीही जैन घरात एक प्रश्न उरतोच. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतील एक इष्टवियोगाचा आहे. प्रिय व्यक्ती दुरावल्यावर ती पुन्हा मिळावी, याच विचारात मन सतत गुंतवून ठेवणे हे आर्तध्यान होय आणि ते बंधाला कारण होते. अनित्य भावना आणि एकत्व भावना यांचे चिंतन करणाऱ्या कुळाने मग दिवंगत भावाची आठवण जपावी की सोडावी? याचे उत्तर त्याच ग्रंथाच्या सातव्या अध्यायात शोधता येते. तेथे मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावना सांगितल्या आहेत. प्रमोद म्हणजे गुणवंताच्या गुणांविषयी मनात दाटून येणारा आनंद. भाऊ परत यावा, असे म्हणत राहणे हे आर्तध्यान. भाऊ कसा वागला हे आठवून तसे वागण्याचा प्रयत्न करणे हा प्रमोद. आठवण एकच असली तरी तिची दिशा बदलते आणि दिशा बदलली की तिचे फळही बदलते.

आठवण जपण्याचे जे मार्ग व्यापारी कुटुंबांनी आजवर चोखाळले, त्यांत सर्वांत जुना व सर्वांत दिसणारा मार्ग दगडाचा. अबूच्या दिलवाडा येथील लूणवसही हे नेमिनाथांचे मंदिर वस्तुपाल आणि तेजपाल या मंत्रिबंधूंनी विक्रम संवत १२८७ मध्ये उभारले. शिलालेखात तेजपालाची पत्नी अनुपमादेवी आणि पुत्र लावण्यसिंह यांच्या श्रेयाचा उल्लेख आहे. परंपरा मात्र या मंदिराचे नाव अकाली गेलेला थोरला भाऊ लूणिग याच्याशीही जोडते. घर अजून संपन्न नव्हते, त्या काळात लूणिग मरणशय्येवर होता. विमलवसहीत आपल्या नावे एक लहानशी मूर्ती बसावी, एवढीच त्याची इच्छा होती, असे सांगतात. पुढे धाकट्या भावांना वैभव लाभले, तेव्हा त्यांनी एका मूर्तीच्या जागी संपूर्ण मंदिर उभे केले. या कथेतील मोल संगमरवराच्या कोरीवकामात नाही. एका गरीब दिवसातील लहानशी इच्छा श्रीमंतीच्या दिवसांत विसरली गेली नाही, यात आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मातीलाही दगडाची ही भाषा परकी नाही. चंद्रपुरात अचलेश्वर मंदिराजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांतील बीरशाहाची भव्य समाधी राणी हिराईने पतीच्या स्मरणार्थ बांधविली. दक्षिणेकडे भामरागड-एटापल्लीच्या अरण्यात माडिया गोंड समाज मृताच्या नावाने उभी शिळा रोवतो. जुन्या शिळांवर अक्षर नसते. कोणती शिळा कोणाची, हे आप्तच सांगू शकतात; म्हणजे त्या स्मारकाचा अर्धा भाग दगडात आणि अर्धा भाग माणसांच्या तोंडी असतो. सांगणारे संपले की शिळा उभी असते, पण ती कोणाचीच राहत नाही.

दगड स्वतःहून काही राखत नाही, याचा दाखला जैन समाजाला याच जिल्ह्यात मिळतो. भद्रावती, म्हणजे जुने भांदक, ही एके काळची वैभवशाली नगरी. तेथील पार्श्वनाथांची मूर्ती दीर्घकाळ झाडीत विस्मृत होती आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती पुन्हा श्रावकांसमोर आली. स्वप्नदेव केसरिया पार्श्वनाथ या नावाने आज ते तीर्थ प्रसिद्ध आहे. जेथे तीर्थंकरांची मूर्तीही रानाआड जाऊ शकते, तेथे धर्मशाळेच्या भिंतीवरील नावाच्या पाटीने किती भरवसा द्यावा? पाटी लावू नये, असे नाही. पाटीने काम संपले, असे मात्र समजू नये.

पाटीनंतर येते वही. व्यापारी कुटुंबाइतका लेखी पुरावा दुसऱ्या कोणत्याही घरात क्वचितच असेल. रोजमेळ, खतावणी, उधारीची वही, मालाच्या चिठ्ठ्या, बँकेच्या भरणापावत्यांची अर्धुके या सर्वांवर भावाचे अक्षर असते. एखाद्या तालुक्याच्या गावातील कापडदुकानाचे उदाहरण घ्यावे. थोरला भाऊ गादीवर बसे आणि धाकटा गाठोडी घेऊन आठवडी बाजार करी. आज धाकटा नाही. त्याच्या उधारीच्या वहीत गावांची नावे आहेत, गिऱ्हाइकांची नावे आहेत, धान निघाल्यावर देणार अशा नोंदी आहेत आणि काही नोंदींवर रक्कम न मिळताच मारलेली आडवी रेघ आहे. ती रेघ कधी मारली, कोणाच्या घरी आजारपण होते, कोणाचे पीक गेले होते, हे वहीत लिहिलेले नसते. पण वही उघडून बसले तर जुना मुनीम किंवा हमाल ते सांगू शकतो. एका रेघेतून एका माणसाचा स्वभाव हाती लागतो.

दुर्दैवाने या वह्याच सर्वप्रथम घराबाहेर जातात. माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या साफसफाईत कपडे दान होतात आणि कागद रद्दीत जातात. ज्या वह्या उरतात, त्यांना या भागातील दीर्घ पावसाळा आणि वाळवी सोडत नाही. म्हणून काही साध्या गोष्टी वेळेवर कराव्यात. वह्या भिंतीला लावून किंवा जमिनीवर ठेवू नयेत. कोरड्या, हवेशीर जागी लोखंडी कपाटात ठेवाव्यात आणि पावसाळ्यानंतर एकदा सावलीत वारा द्यावा. चिकट पानांच्या अल्बममधील छायाचित्रे कालांतराने खराब होतात. ती जपून काढून कागदी पाकिटांत ठेवावीत आणि प्रत्येकामागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव व वर्ष लिहावे. महत्त्वाच्या पानांची मोबाइलने छायाचित्रे घेऊन ती किमान दोन घरांत, दोन वेगळ्या ठिकाणी राखावीत.

आवाजाचेही तसेच. फोनमध्ये साठलेले भावाचे ध्वनिसंदेश फोन बदलताना नष्ट होतात आणि ते लक्षात येते तेव्हा उशीर झालेला असतो. या जिल्ह्यांतील व्यापाऱ्याच्या बोलण्यात तर तीन-चार भाषांची वीण असते. घरात मारवाडी किंवा गुजराती, दुकानात झाडीबोलीच्या वळणाची मराठी, जंगलातील गावांच्या गिऱ्हाइकाशी कामापुरती गोंडी. भाव सांगण्याची, हसण्याची, नावाने हाक मारण्याची त्याची लकब लेखणीने पूर्ण उतरत नाही. अर्ध्या मिनिटाचा एक संदेशही नातवंडांसाठी मोठा ठेवा ठरतो.

भावाचे स्मरण लेखणीने कसे राखावे, याचे एक नमुनेदार उदाहरण मराठी साहित्यात आहे. कथाकार जी. ए. कुलकर्णी लोकांपासून दूर राहणारे म्हणून ओळखले जात. धारवाडच्या घरात त्यांच्यासोबत प्रभावती आणि नंदा या मावसबहिणी राहत. ११ डिसेंबर १९८७ रोजी जी. ए. गेले. पुढे नंदा पैठणकर यांनी ‘प्रिय बाबुआण्णा’ हे पुस्तक लिहून घरातला भाऊ वाचकांसमोर आणला. जगाला कथाकार ठाऊक होता. बाबुआण्णा बहिणीलाच ठाऊक होता. प्रत्येक घरातून पुस्तक निघेल, असे नाही आणि निघण्याची गरजही नाही. परंतु शंभर पानी एक वही प्रत्येक घराला परवडते. बहिणीने तीत भावाचे बालपण लिहावे, पत्नीने संसार लिहावा, मुनीमजींनी सांगितलेले कोणी तरुणाने उतरवून घ्यावे. त्याचे दोषही लिहावेत. रागीट होता तर रागीट लिहावे. केवळ स्तुतीने भरलेल्या पानांत माणूस ओळखू येत नाही.

आणि आता वाटा. हा विषय भावपूर्ण लेखांत सहसा येत नाही. परंतु व्यापारी कुटुंबात भावाच्या स्मृतीची खरी परीक्षा येथेच होते. अनेक दुकानांच्या पाटीवर ‘बंधू’ किंवा ‘ब्रदर्स’ हा शब्द असतो. एक बंधू गेल्यावरही तो शब्द पुसला जात नाही आणि पुसूही नये. पण त्या शब्दामागे दिवंगत भावाच्या पत्नीचा व मुलांचा हिशेब पूर्ण झाला आहे काय, हे पाहणे आवश्यक आहे.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू होतो. मृत्युपत्र न करता पुरुष मरण पावला, तर त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे प्रथम वर्गातील वारस होत. भाऊ-बहिणींचा क्रम दुसऱ्या वर्गात लागतो, म्हणजे प्रथम वर्गात कोणी असेल तर त्यांना वाटा मिळत नाही. भागीदारी पेढीबाबत १९३२ च्या कायद्याप्रमाणे, करारात वेगळे ठरलेले नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. हिशेब न मिटवता उरलेल्या भागीदारांनी व्यवसाय चालूच ठेवला आणि करारात अन्यथा ठरलेले नसेल, तर मृताच्या वारसांना त्याच्या भांडवलाच्या वापरातून झालेल्या नफ्याचा हिस्सा किंवा दरसाल ६ टक्के व्याज मागण्याचा अधिकार आहे. बँकेतील नामनिर्देशित व्यक्ती ही रक्कम स्वीकारणारी असते. केवळ नामनिर्देशनाने ती मालक होत नाही. भावाने लग्नापूर्वी उघडलेल्या खात्यावर आजही थोरल्या भावाचेच नाव असेल, तर ती रक्कम वहिनीच्या व मुलांच्या हाती पोचविणे हे त्या थोरल्या भावाचे कर्तव्य ठरते.

विसरलेल्या खात्यांचीही चौकशी करावी. दहा वर्षे व्यवहार किंवा मागणी न झालेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे वर्ग करतात. तथापि वारसांचा हक्क त्यामुळे संपत नाही, बँकेमार्फत मागणी करता येते. अशा ठेवींचा शोध घेण्यासाठी २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचे ‘उद्गम’ हे संकेतस्थळ उपलब्ध आहे. त्याचप्रमाणे भावाने कोणाचे देणे ठेवले असेल, तर कायद्याची मर्यादा त्याच्या मालमत्तेपुरती असली, तरी साखेची मर्यादा तेवढीच नसते. ज्या घराने गेलेल्या भावाचे लहानसे तोंडी देणे शोधून फेडले, त्या घरात भावाचे नाव वेगळ्या पाटीवाचूनही राहते.

वाट्याचा प्रश्न जैन परंपरेला नवा नाही. भरत आणि बाहुबली यांचा संघर्ष राज्यासाठीच होता. बाहुबलींनी जिंकलेले सोडून दिले आणि तपाला उभे राहिले. पुढे भरताने पोदनपुरात त्यांची विशाल प्रतिमा उभारली, असे दिगंबर परंपरा सांगते. श्रवणबेळगोळची ५७ फुटी मूर्ती आणि १९६३ साली कुंभोजला उभी राहिलेली २८ फुटी मूर्ती पाहताना श्रावकाला त्याग आठवतो. तेथे हेही आठवावे की प्रतिमा उभारणाऱ्या भरताला आधी भावासमोर आपला अहंकार उतरवावा लागला होता. सर्वांनाच ती संधी मिळत नाही. अनेक घरांत भाऊ अबोला असतानाच जातो आणि संवत्सरीची क्षमापना राहून जाते. अशा वेळी गेलेल्याची क्षमा मागण्याचा एकच मार्ग उघडा असतो : त्याच्या माणसांशी न्यायाने वागणे.

भावाचे अपुरे काम पुढे नेणे हेही वाट्याचेच एक रूप आहे. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांचा भारतात पाया घातला. ८ एप्रिल १९५३ रोजी ते निवर्तले, तेव्हा गुलाबचंद आणि लालचंद या भावांनी व कुटुंबाने उद्योगांची धुरा पुढे वाहिली. सांगलीतील १९४७ साली सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय वालचंद यांच्या स्मारक विश्वस्त निधीच्या साहाय्याने १९५५ पासून त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. तेथून बाहेर पडलेल्या अभियंत्यांना वालचंद यांचा चेहरा ठाऊक असेल वा नसेल; त्यांच्या हातांतील विद्या हेच ते स्मारक.

सामान्य दुकानदाराला एवढे शक्य नाही. पण त्याच्या ऐपतीचा मार्ग आहे. पहिल्या पुण्यतिथीच्या जेवणावळीत लाख रुपये एका दुपारी संपतात. तीच रक्कम ठेवीत ठेवली आणि व्याज सहा टक्के धरले, तर दरवर्षी सहा हजार रुपये मिळतात. त्यातून आश्रमशाळेतील काही मुलांच्या वह्या-पुस्तकांची, उन्हाळ्यात बाजाराच्या दिवशी पाणपोईची किंवा गोशाळेतील चाऱ्याची सोय होते. महागाईमुळे सहा हजारांची किंमत घटत जाते, म्हणून दर दिवाळीला मुद्दलात थोडी भर घालावी. या भरीचे काम मुलांच्या हातून करवावे. काकाचे नाव त्यांना वर्षातून एकदा तरी स्वतःच्या हाताने लिहावे लागेल. रक्कम लहान असली तरी चालेल, नियम मोडू नये.

या दिवाळीत नव्या वहीचे पूजन होईल, तेव्हा जुन्या कपाटातील भावाच्या हातची एक वही तिच्याशेजारी ठेवावी. तिच्यातील एखादी आडवी रेघ मुलांना दाखवून त्यामागची हकीकत सांगावी. त्याच आठवड्यात वहिनींसमोर बसून हिशेब मांडावा आणि राहिलेले त्यांच्या पदरी घालावे. मग भाऊबीजेला पाट मांडावा, त्यावर त्याच्या मुलाला बसवावे आणि आत्याने त्याला ओवाळावे. नंदिवर्धनांना सुदर्शनेने जेवू घातले, तसे मागे राहिलेल्यांनी एकमेकांना जेवू घालावे. चंद्र अंगणात असेलच. पण घरातला पाट रिकामा ठेवण्याचे कारण नाही.